दादा ‘बरं’ म्हणाले

दादा फोनवर ‘बरं’ म्हणाले, खरं तर एवढंच झालं होतं. पण त्या एका शब्दापायी रविवारी दुपारी सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती गोळा झालं होतं आणि उद्या सकाळी शोरूमवाल्याचा ट्रक दारात उभा राहणार होता.

ट्रक यायचा होता तो फर्मे न्यायला. फर्मे म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या. त्यांच्यावरून खुर्चीचा पाय, हात, पाठ आखायची. काही दादांच्या वडिलांनी कापलेले, बरेचसे दादांनी सुधारलेले आणि अलीकडचे सगळे लेकीनं नव्यानं केलेले. खालच्या कारखान्यात ते भिंतीवर टांगलेले असत. फर्मे गेले की खुर्ची गेली. वर शोरूमवाल्याचं म्हणणं असं, की एकरकमी पैशांच्या बदल्यात खुर्चीचं नावही आता त्याचं आणि या घरानं यापुढे खुर्ची करायचीच नाही. “तुमच्या दादांनी होकार दिलाय, करार झालाय,” असा त्याचा निरोप आला तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दादांच्या नाही. दादा तेव्हा खुर्चीच्या एका पायाला कानस मारत होते, आणि त्यांनी ती तशीच पुढे चालू ठेवली.

शनिवारी काकूंनी, म्हणजे दादांच्या धाकट्या भावजयीनं, आपल्या मावसभावाला बोलावलं होतं. तो वकील, पण बिचाऱ्याचा जन्म घटस्फोटांत गेलेला. त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “शोरूमवाले आणि तुम्ही वेगळे कधीपासून राहता?” मग स्वतःच ओशाळला आणि म्हणाला, “हे माझं काम नव्हे. दात दुखत असला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ नये. करारांची वकील गाठा.” त्यानंच एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

वकीलबाई आल्या त्या जिना चढून थेट टेबलाशी. खुर्चीत बसल्या, पाठ टेकली आणि हातातली पिशवी उघडायचं विसरल्या. या घरच्या खुर्चीत पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाचं असंच होतं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

“ती माझी,” रंधा म्हणाली. रंधा म्हणजे दादांची लेक. जवळ येईल त्याला तासून काढते म्हणून लहानपणीच नाव पडलं, आणि पुढे हातात खरा रंधा आल्यावर ते कायमचं चिकटलं.

वकीलबाईंनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. “आधी आपला दोघांचा करार. मी काय करणार, काय नाही करणार, फी कशी घेणार, सगळं यात आहे. वाचा आणि मग सही करा.”

“वाचायचं काय त्यात? तुम्ही वकील, आमचा विश्वास आहे,” नाना म्हणाले. नाना म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. दादा खुर्च्या करत आणि नाना विकत. दादांनी आयुष्यभरात जे शब्द वाचवले ते सगळे नानांनी खर्च केले.

“विश्वास आहे म्हणूनच या घरात उद्या ट्रक येतोय,” वकीलबाई म्हणाल्या. नानांनी उगाचच पाण्याचा पेला सरळ केला.

कागद आत्यांनी ओढून घेतला. आत्या म्हणजे दादा-नानांची बहीण, समोरच्याच गल्लीत राहायच्या. त्यांनी शाळेत व्याकरण शिकवण्यात जन्म घालवला होता. त्यांनी लाल पेन्सिल काढली, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका वाक्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, “इथे कर्ता सापडत नाही. ‘पक्षकारास सल्ला देण्यात येईल.’ कोण देणार? आणि पक्षकार कोण?”

“तेच विचारणार होते मी,” वकीलबाई म्हणाल्या. “माझा पक्षकार कोण?”

पाच हात वर झाले. दादांचा झाला नाही.

“असं चालत नाही. उद्या तुमच्यातच भांडण निघालं तर मी कोणाच्या बाजूची?”

“आमच्यात कशाला भांडण निघेल?” काकू म्हणाल्या. नानांनी पेला पुन्हा एकदा सरळ केला.

शेवटी कारखाना हाच पक्षकार ठरला. आणि कारखान्याचा जो बोलता धनी, त्यानं आधी सगळं सांगायचं. बोलता धनी! सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी खिडकीकडे.

वहिनींचा जीव इकडे तुटत होता. वहिनी म्हणजे दादांची बायको. घरात सगळे त्यांना वहिनीच म्हणत, पोटची लेकसुद्धा. संसार सुरू झाल्यापासून नवऱ्याचं बोलणं लोकांना उलगडून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं आणि आज त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं, की आपल्या या विद्येला काही मोल येईल.

“बाई, मी सांगते,” त्या पुढे सरसावल्या. “यांचं ‘बरं’ म्हणजे होकार नव्हेच. झटकन ‘बरं’ म्हणाले तर ‘ऐकलं’. लांबवून ‘बरंऽ’ म्हणाले तर ‘मला पटलेलं नाही’. ‘बरं बरं’ म्हणजे ‘आता गप्प बस’. ‘बरंय’ म्हणजे निघाले. आणि मान खाली घालून ‘बरं’ म्हणाले तर ऐकलंच नाही.”

“आणि हो म्हणायचं असेल तेव्हा?”

वहिनी विचारात पडल्या. “तसं अजून काही… नाही आठवत.”

“पण फोनवर कुठलं होतं?”

“मी नव्हते ना तिथे!” वहिनी कळवळून म्हणाल्या.

वकीलबाईंनी चष्मा काढून ठेवला. “आता मी सांगते ते ऐका. करार व्हायला फार काही लागत नाही, म्हणून तर लोक फसतात. एकानं प्रस्ताव मांडायचा. दुसऱ्यानं तो जसाच्या तसा स्वीकारायचा. दोन्हीकडून काही देणं-घेणं हवं, त्याला मोबदला म्हणतात. आणि दोघांची राजीखुशी हवी, दमदाटी नको, फसवाफसवी नको. कागद असला तर उत्तम, पण बऱ्याच करारांना कागद लागतोच असं नाही. तोंडी करारही करारच.”

“तोंडी चालतो?” वहिनींचे डोळे एकदम चमकले. “म्हणजे मी यांना म्हटलं, येताना दूध आणा, आणि हे बरं म्हणाले आणि आणलं नाही…”

“तो करार नाही. घरातल्या घरात असं बोलताना कोर्टात जायचा कोणाचा विचार नसतो.”

“माझा होता,” वहिनी म्हणाल्या आणि मागे टेकून बसल्या. एवढ्या वर्षांचे सगळे दावे एका वाक्यात निकालात निघाले होते.

“आणि मनात काय होतं ते कोर्टाला दिसत नाही,” वकीलबाई पुढे म्हणाल्या. “समोरच्या समंजस माणसाला त्या शब्दांवरून काय वाटेल, ते बघतात. शोरूमवाला काही तुमच्यासारखा यांच्याबरोबर नांदलेला नाही. आत्या, ‘बरं’चा अर्थ काय हो?”

सगळे आशेनं आत्यांकडे वळले. आत्या खाकरल्या. घर एकीकडे आणि व्याकरण एकीकडे अशी वेळ त्यांच्यावर आधीही आली होती आणि घरानं दर वेळी मार खाल्ला होता.

“नुसतं ‘बरं’ हे केवलप्रयोगी अव्यय,” त्या म्हणाल्या. “प्रकार, संमतिदर्शक.”

“आत्या!” रंधा ओरडली.

“आहे ते आहे. आता ‘बरं का’ म्हणाला असता, तर पालुपद धरलं असतं. पालुपदाला अर्थ नसतो.” त्या भावाकडे वळल्या. “दादा, तू ‘बरं का’ म्हणालास का रे?”

दादांनी मान हलवली. नाही.

नानांना घाम फुटला होता, पण खोलीत उकाडा होता म्हणून खपून गेलं. त्यांना माहीत होतं की कोणी अजून योग्य प्रश्न विचारलेला नाही. शोरूमवाल्याला दादांचा नंबर कोणी दिला? दुपारी झोपून उठल्या उठल्या फोन करा, तेव्हा तो कशालाच नाही म्हणत नाही, हे कोणी सांगितलं? सांगितलं होतं नानांनीच. वाईट हेतूनं नाही. शोरूमवाल्यानं त्यांना शोरूमचं व्यवस्थापक करायचं कबूल केलं होतं. काचेची केबिन, मागे दिवे आणि गोल फिरणारी खुर्ची. सारा जन्म चार पायांच्या खुर्च्या विकलेल्या माणसाला फिरणाऱ्या खुर्चीचा मोह पडला, तर त्यात नवल ते काय? नाना स्वतःची अशी समजूत घालत होते. ती काही केल्या पटत नव्हती.

“यांच्याशी मी एकटीनं बोलते,” वकीलबाई उठल्या. “खाली कारखान्यात. कोणी येऊ नका.”

कोणीच आलं नाही. यायची गरजच नव्हती. वरच्या खोलीची जमीन फळ्यांची, आणि कपाटाजवळ दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. त्या फटीतून खालचं सगळं ऐकू येतं हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि इतरांना ठाऊक नाही असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यामुळे जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले तेव्हा आत्या, काकू आणि रंधा एकाच वेळी कपाटाकडे निघाल्या आणि तिथे एकमेकींवर आदळल्या. रंधा सरळ पालथी पडली. आत्यांनी गुडघे टेकले. काकू म्हणाल्या, “मला खाली वाकता येत नाही, मला सांगा.” नाना जागेवरून हलले नाहीत.

खालून लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास येत होता. वकीलबाई विचारत होत्या, “खरं सांगा. तुम्हाला काय म्हणायचं होतं?”

कानस खरखरली, थांबली. मग दादांचा आवाज आला. “हो म्हणायचं होतं.”

“काय म्हणाले?” काकूंनी विचारलं.

“गप गं,” आत्या म्हणाल्या.

तीन दिवस रंधाला वाटत होतं की दादांना कोणीतरी गंडवलं. त्यांच्यासाठी ती सगळ्यांशी भांडली होती. त्यांनी जाणूनबुजून दिला कारखाना? तिचे फर्मेसुद्धा?

खाली दादा बोलतच होते. आपले वडील सलग इतकी वाक्यं बोलू शकतात हे तिला नवीन होतं. “मुलीला एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. चांगली जागा. ती मागे खुर्ची घासत होती, तिथेच फोन आला. नाही म्हणाली त्यांना. म्हणाली, मला इथलं काम आहे. मी पलीकडे होतो. मग पुन्हा घासायला लागली. नंतर कितीतरी वेळ तिनं वर बघितलं नाही. मला तेव्हाच कळलं. माझ्यामुळे अडकलीय ती. कारखाना असेल तोवर जाणार नाही. मग याचा फोन आला. म्हटलं, बरं. सुटेल पोरगी.”

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. आणि मग रंधाचा आवाज फळ्या फाडून खाली गेला.

“दादा! त्या कंपनीला बसता न येणारी खुर्ची हवी होती!”

खाली काहीतरी पडलं. बहुधा कानस.

“हॉटेलांना पुरवायला! गिऱ्हाईक लवकर उठावं म्हणून पाठीला टोचणारी खुर्ची! ती मी करायची होती! मी नाही म्हणाले तर तुम्ही कारखाना विकला? मला एका शब्दानं विचारायचं तरी!”

“मग तू वर का बघितलं नाहीस?” खालून दादांनी विचारलं.

“डोळ्यांत भुसा गेला होता!”

सगळेच खाली उतरले. काकू आता पायरीपायरीवर “काय झालं?” विचारत होत्या आणि वहिनी पायरीपायरीवर सांगत होत्या, आणि सांगता सांगता रडत होत्या आणि हसतही होत्या. कारखान्यात वकीलबाई लाकडाच्या एका ओंडक्यावर बसल्या होत्या.

“फट आहे हे मला आधी सांगायला हवं होतं,” त्या कोरडेपणानं म्हणाल्या. “असो. आता मोठी अडचण झाली. यांनी होकारच दिला होता, तो मनापासून होता. समज चुकीची होती, पण ती स्वतःच्याच लेकीबद्दल. शोरूमवाल्याला त्याच्याशी काय?”

“म्हणजे गेलं सगळं?” वहिनींनी विचारलं.

“एक सांगा. कारखान्याचे मालक किती?”

“तीन,” आत्या म्हणाल्या. “आम्ही तिघं भावंडं. वडिलांनी तसंच केलं होतं.”

वकीलबाईंचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. “हे आधी सांगायचं की! भागीदारीत एक जण लाकूड विकत घेऊ शकतो, खुर्ची विकू शकतो. सगळा धंदा उचलून दुसऱ्याच्या हवाली करायला सगळ्यांची संमती लागते. एकट्या दादांचं ‘बरं’ पुरत नाही. आत्या, तुम्ही होकार दिलात?”

“मला कोणी विचारलंच नाही.”

“नाना, तुम्ही?”

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. एरवी सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं म्हणून नानांची धडपड असे. आज त्यांना भुशात शिरावंसं वाटत होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. केबिन, दिवे, फिरणारी खुर्ची, सगळं. काकूंनी कपाळाला हात लावला.

“फिरणारी खुर्ची!” त्या म्हणाल्या. “अहो, तुम्हाला झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते!”

“मी त्याला शब्द असा दिला नाही,” नाना पुटपुटले. “नुसतं म्हणालो, बघू.”

“‘बघू’ हा स्वीकार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “फोन लावा त्याला. मी बोलते. बाकी कोणी हूं की चूं करायचं नाही.”

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा रंधा मारायच्या टेबलावर ठेवला गेला. वकीलबाईंनी तिघा मालकांची गोष्ट शांतपणे सांगितली. शोरूमवाला हसला. “बाई, त्या घरात दादा म्हणजेच सगळं. बहिणीचं मला माहीत नाही. आणि नानांचं काय घेऊन बसलात? नानांनी काय म्हणायचं ते मी सांगतो त्यांना. ते म्हणतील.”

हूं की चूं करायचं नाही, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्या कानशिलापर्यंत लाली चढलेली वहिनींनी पाहिली आणि त्यांनी मनात म्हटलं, झालं आता.

“मी बोलतोय!” नाना फोनवर वाकले. “काय म्हणायचं ते मीच ठरवतो! माझी संमती नाही, नव्हती आणि असणार नाही! आमच्या खुर्चीची पाठ घडवायला तीन पिढ्या गेल्या. तुमच्या दुकानात ती काचेमागे ठेवणार तुम्ही, बसायला बंदी, आणि…”

“पुरे,” वकीलबाईंनी फोन उचलून बंद केला. “पहिलं वाक्य उत्तम होतं. पुढच्या वाक्यांतून उद्या नवीन दावा निघू नये म्हणून थांबवलं. मी आजच त्याला रीतसर कळवते. भांडेल तो, इतक्यात गप्प बसायचा नाही. पण त्याचा पाया कच्चा आहे आणि ते त्याच्या वकिलालाही कळेल. सकाळी ट्रक आला तर दार उघडू नका. आणि कृपा करून कोणी कोणाला ‘बरं’ म्हणू नका.”

दादांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

नाना एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. दादा त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या खांद्यावरचा भुसा झटकला आणि परत आले. त्या दोघांमध्ये एवढं पुरलं.

“ट्रकचं मिटलं,” वकीलबाई आवराआवर करत म्हणाल्या. “पण मूळ दुखणं तसंच आहे. पुढे हे कोण चालवणार ते तुमच्यात कधी बोललंच गेलेलं नाही. जो तो दुसऱ्याच्या मनातलं ओळखतो आणि चुकीचं ओळखतो.”

रंधा टेबलावरचा पॉलिशचा फडका चाळवत होती, तो तिनं खाली ठेवला. एरवी तिची जीभ कशी सरसर चालते. आता तिला शब्द एकेक करून काढावे लागले.

“मला प्रस्ताव मांडायचाय,” ती म्हणाली. “रीतसर. मला भागीदार करा. चौथी. माझे फर्मे मी कारखान्याला देते, आणि खुर्चीची पाठ कशी असावी ते यापुढे मी ठरवणार. मी कोणासाठी थांबलेली नाही. मला हेच काम करायचंय आणि इथेच करायचंय. दादा, हो किंवा नाही. पूर्ण वाक्यात सांगा.”

वहिनींना नवऱ्याच्या मदतीला धावावंसं वाटलं, सवयच होती ती. पण त्यांनी आपलं तोंड आपल्याच हातानं दाबून धरलं.

दादांनी कारखान्यावरून एकदा नजर फिरवली. मग लेकीकडे बघितलं.

“मी केलेल्या खुर्चीत माणूस बसतो,” ते म्हणाले. “तू केलेल्या खुर्चीतून त्याला उठवत नाही. हे मला केव्हाचं दिसतंय आणि मी तुला ते कधी सांगितलं नाही. चुकलं माझं. तू चौथी भागीदार नको होऊस. माझी जागा तू घे. मी तुझ्या हाताखाली काम करीन, आणि माझी पाठ चुकली तर तू ती परत करायला लाव.”

“हा स्वीकार नाही,” वकीलबाई हळूच म्हणाल्या. “अटी बदलल्या की तो नवा प्रस्ताव होतो. आता उत्तर तिनं द्यायचं.”

नाना कोपऱ्यातून म्हणाले, “माझी संमती आहे.” आत्या म्हणाल्या, “माझीही. संमतिदर्शक.”

रंधा उत्तर द्यायला गेली. जिनं शोरूमवाल्याला, काकूंच्या मावसभावाला, येईल त्याला तासलं होतं, ती भुशात मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. दादा तिच्या शेजारी खाली बसले. गुडघे वाजले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

वहिनींनी डोळे पुसले आणि काळजीच्या सुरात विचारलं, “बाई, हा स्वीकार धरायचा ना?”

वकीलबाईंनी चष्मा काढून आपल्याच ओढणीनं जरा जास्तच वेळ पुसला.

“कोर्ट काय म्हणेल ते सांगता यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पण याच्या विरुद्ध बाजूनं मी उभी राहणार नाही.”